शेततळ्यातले मासे पहाटे मेले. विष म्हणावं का दुसरं काही?

शेततळेवाला (अंबड, जि. जालना) | सोमवार, सकाळी ९:४०

राम राम मंडळी. पहिल्यांदाच धागा काढायलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, आतून ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. खोदलं मोसंबीसाठी, पण मागच्या वर्षी एकाचं बघून मासे टाकले. कटला, रोहू, मृगळ मिळून दोन हजार बोटुकली (बोटभर पिल्लं). वर वीस-पंचवीस पंगस, आणि लेकरांनी नाल्यातून धरून आणलेल्या चार मरळ.

चार दिवसांपासून आभाळ आहे. पाऊस नाही, वाराबी नाही, नुसतं कुंद. काल पहाटे पाचला मोटर चालू करायला गेलो तर सगळे मासे वर येऊन आ वासून उभे. उजाडेपर्यंत शंभर-सव्वाशे उलटे झाले. तेबी मोठे मोठे आधी, दीड दीड किलोचे कटले. नऊच्या सुमाराला जरा ऊन पडलं तसे राहिलेले खाली गेले. आज पहाटे पुन्हा साठ.

आता मुद्दा असा. शेजाऱ्यानं शनिवारी कपाशीवर फवारा मारला. त्याचं रान आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला. विचारलं तर म्हणतो माझा काय संबंध. मधल्या बांधावरून आमचं आधीच जमत नाही. घरचे म्हणायलेत तक्रार दे.

माशाचं खाद्य विकणारा एक जण दुपारी दोनला मीटर घेऊन आला होता. ऑक्सिजन १४ (लिटरला मिलिग्रॅम) निघाला. म्हणाला एक नंबर पाणी आहे, ऑक्सिजनची भानगडच नाही. मग विषच ना?

---

पुण्यातला_लातूरकर | ९:५८

आधी पाण्याची बाटली भरून ठेवा, नंतर भांडा. आणि मेलेले मासे विकू नका, हात जोडून सांगतो.

---

नाथसागर_भोई (पैठण) | १०:२०

दादा, तक्रारीच्या आधी तीन गोष्टी बघून सांगा.
मरळ आणि पंगस मेले का?
पाण्यावर पाय पसरून घसरणारे किडे आहेत का गेले?
एक बादली पाणी उन्हात धरा. बारीक पांढरे ठिपके उड्या मारताना दिसतात का?

---

शेततळेवाला | ११:०५

मरळ चारही जित्त्या. पंगस एकबी मेला नाही. किडे आहेत. बादलीत ठिपके आहेत, लई आहेत. बारीक मासेबी बरेचसे वाचलेत.

---

नाथसागर_भोई | ११:१२

मग शेजाऱ्याला सोडा. विष नाही हे.

कपाशीवरचं औषध किड्यासाठीच बनवलेलं असतंय. ते पाण्यात उतरलं तर आधी किडे जाणार, बादलीतले ठिपके म्हणजे पाण्यातले बारीक जीव जाणार, बारीक पिल्लं जाणार. तुमच्याकडं नेमकं उलटं झालंय. मोठा मासा गेला आणि मरळ राहिली. मरळ वर येऊन हवा पिते, पंगसलाबी ते जमतंय. ज्याला पाण्यातूनच श्वास घ्यावा लागतो तो गेला. आमच्या बापाची रीत सरळ होती, दुपारी मेला तर औषध बघ, पहाटे मेला तर दम बघ.

---

पुण्यातला_लातूरकर | ११:३०

पण मीटरवर १४ आलाय ना? आकडा खोटा कसा म्हणायचा? माझ्या माहितीत माशाला ५ पुरे होतो.

---

पाणथळ_मास्तर (नांदेड, निवृत्त) | दुपारी १२:१५

आकडा खरा आहे, वेळ चुकली. मी कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं लांबण लागेल, कंटाळा आला तर पुढे सरका.

एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, ३० अंश तापमानाला, हवेशी जुळवून घेऊन मावतो फक्त साडेसात मिलिग्रॅम. पाणी २० अंशांचं असेल तर नऊ. म्हणजे मासा आपल्यापेक्षा पस्तीसपट गरीब घरात राहतो, आणि पाणी तापलं की ते घर आणखी गरीब होतं. त्यात ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या मानानं दहा हजार पट हळू पसरतो. वरच्या थरात मिसळला म्हणून तळाला पोचेल असं नाही. त्यासाठी वारा लागतो, लाटा लागतात.

आता १४ कुठून आला? ते तुमच्या हिरव्या पाण्यानं केलं. हिरवं म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या शेवाळाचे कोट्यवधी कण. दुपारी उन्हात ते इतका ऑक्सिजन सोडतात की पाण्यात मावतो त्याच्या दुप्पट होतो. दोन वाजता कुठल्याही हिरव्या तळ्यात मीटर घाला, पाणी एक नंबरच दिसणार. पण सूर्य मावळला की कारखाना बंद, आणि तेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं. लोकांना वाटतं ऑक्सिजन मासे संपवतात. हिरव्या तळ्यात सगळ्यात जास्त खाणारं ते शेवाळ आणि कुजणाऱ्या मालावरचे जिवाणू. मासे त्यांच्या मागून. सगळ्यात कमी ऑक्सिजन कधी, तर उजाडायच्या जरा आधी.

एरवी दिवसाची कमाई रात्रीला पुरते. तुमच्याकडं चार दिवस आभाळ होतं. कमाई निम्मी, खर्च तेवढाच. वाऱ्यानं वरून काही मिसळलं असतं तर तोही पडलेला, आणि शेततळ्याचा भराव उंच असतो, त्यामुळे एरवीही पाण्याला वारा कमीच लागतो. पाचव्या पहाटे खातं रिकामं.

मोठा मासा आधी का जातो? त्याला एकूण ऑक्सिजन जास्त लागतो, आणि अंगाच्या मानानं कल्ले कमी पडतात. बारीक मासा पाण्याच्या अगदी वरच्या बोटभर थरातून भागवून नेतो.

उद्या पहाटे पाचला त्याच माणसाला मीटर घेऊन बोलवा. आला तर.

---

शेततळेवाला | १२:५०

सर, आता पटायलं थोडं थोडं. पण मागच्या वर्षी असं काही झालं नव्हतं. पाणी इतकं हिरवंबी नव्हतं.

---

पाणथळ_मास्तर | १२:५८

तळ्यात काय काय टाकलंत? खरं सांगा.

---

शेततळेवाला | दुपारी १:२०

शेण टाकतो, दर आठवड्याला दोन पाट्या. कुणीतरी सांगितलं डीएपी खत टाकलं की पाणी हिरवं होतं न् मासा लवकर वाढतो, म्हणून जून-जुलैत एक पोतं. खाद्य वेगळं.

---

नाथसागर_भोई | १:२४

एक पोतं!!

---

केजची_जिजी | १:४१

आरं बाबा, तळं आहे का कापसाचं रान?

---

हिरवे_रान | १:५०

सोपा उपाय सांगतो. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, दोन दिवसांत पाणी काचेसारखं. आम्ही हौदात टाकतो.

---

पाणथळ_मास्तर | १:५५

टाकू नका. आत्ता तर अजिबात नको. मोरचुदानं शेवाळ एकदम मरेल, आणि मेलेलं शेवाळ कुजायला लागलं की जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन एका रात्रीत संपवतील. आज साठ मेलेत, उद्या सगळे जातील. शिवाय आपलं पाणी जड. काळ्या बेसाल्टातून झिरपून येतं, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर, सामू (पीएच) आठच्या वर. असल्या पाण्यात मोरचूद लवकर निकामी होऊन खाली बसतं, मग माणूस दुप्पट टाकतो. हौदात मासे नसतात, तिथं चाललं म्हणून इथं चालत नाही.

आता करायचं एवढंच: शेण, खत, खाद्य सगळं बंद. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत पंपानं तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून तळ्यातच पाडा, पावसासारखं फुटून पडेल असं. जमलं तर चौथाई पाणी मोसंबीला द्या आणि विहिरीचं ताजं घ्या.

---

शेततळेवाला | दुपारी २:१०

थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसाची आहे. रात्रीची पाळी पुढच्या आठवड्यात.

---

पुण्यातला_लातूरकर | २:१४

वा. सूर्य आणि वीज दोघं एकाच पाळीला.

---

केजची_जिजी | २:३०

मास्तर, मला एक सांगा. आमच्या माहेरच्या गावतळ्यात म्हशी दिवसभर बसायच्या. शेण, मूत सगळं त्यातच. तरी ते तळं कधी असं हिरवंगार झालेलं बघितलं नाही मी. मातकट असायचं बारा महिने. मासेबी होते, शिंपले होते, लेकरं गोगलगाई गोळा करायची. मग ह्या लेकराच्या तळ्याला दोन पाट्या शेणानं एवढं काय झालं?

---

पाणथळ_मास्तर | दुपारी ३:१०

जिजी, तुम्ही धाग्याच्या मुळाशी हात घातलात.

गावतळ्याला माती आहे, शेततळ्याला कागद. सगळा फरक त्यात.

आपल्या काळ्या मातीचा कण इतका बारीक की पाण्यात तरंगतच राहतो. कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना ढकलतात, खाली बसत नाहीत. तुमच्या आईनं पाण्यात तुरटी फिरवली असेल नाहीतर घागरीत निवळीची बी उगाळून घातली असेल, ती ह्याच कणांना एकत्र आणून खाली बसवायला. तर गावतळ्यात ह्या मातकटपणामुळे ऊन खोल जात नाही आणि शेवाळ बेताचं राहतं. दुसरं, शेणातला आणि खतातला फॉस्फरस ही माती स्वतःकडे धरून ठेवते. बळदात धान्य ठेवल्यासारखा. शेवाळाच्या हाती थोडा थोडाच लागतो. तिसरं, शेणातून, माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना बसायला जागा लागते. माती, दगड, पाणगवताची देठं ह्या त्यांच्या जागा.

कागदाच्या तळ्यात हे तिन्ही नाही. पाणी निवळशंख म्हणून ऊन तळापर्यंत. फॉस्फरस धरायला कोणी नाही म्हणून पोतंभर डीएपी सगळं शेवाळाच्या घशात. आणि अमोनिया जिथल्या तिथं. त्यात एक खोच अशी की शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तसा सामू चढतो. ३० अंशाला सामू आठ असेल तर अमोनियाच्या शंभर भागांतले सात-आठ विषारी रूपात असतात. सामू नऊ झाला की चाळिसाच्या वर. म्हणजे दुपारी एक नंबर दिसणारं पाणीही माशाचे कल्ले जाळत असू शकतं. रात्री गुदमर, दुपारी जळजळ.

(ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर बसतो ना, त्यालाही तेच कारण. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की पाण्यातला चुना बाहेर पडून बसतो. गोगलगाय त्याच चुन्याचं घर बांधते.)

---

बारवप्रेमी_सेलू | ३:३५

छान चर्चा. आमच्याकडच्या वालूरच्या चक्राकार बारवेतला (पायऱ्यांच्या विहिरीतला) गाळ गावकऱ्यांनी काढला, तेव्हापासून मनात होतं की बारवेचं पाणी हिरवं का होत नाही. खोल, अरुंद, दुपारचा तासभर सोडला तर ऊन नाही. गार पाणी, म्हणून ऑक्सिजनही जास्त मावत असणार. बरोबर का सर?

---

पाणथळ_मास्तर | ३:४०

अर्धं बरोबर. मावतो जास्त, पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. उन्हाशिवाय शेवाळ कमी, आणि वारा तर पोचतच नाही. पालापाचोळा पडत राहिला तर तळ लवकर गुदमरतो. म्हणून उपसा हवा. वापरात असलेली बारव चांगली, बंद पडलेली वास मारते.

---

केजची_जिजी | ३:५२

आमच्या विहिरीत कासव सोडलेलं होतं. सासरे म्हणायचे, हे आपलं पाणी राखतंय. पडलेलं-सडलेलं खायचं ते.

आणि लेकरा, ते शेततळं कुंपण घातलेलं आहे का? कागदावरून पाय सटकला की पोहणारा माणूसबी वर येत नाही. चारी बाजूंनी दोर सोड, जुन्या ट्यूब बांध. मासे परत येतील.

---

शेततळेवाला | दुपारी ४:१५

जिजी, कुंपण आहे, दोर आजच बांधतो.

सर, म्हणजे मृगळ वाढत नव्हते ते पण ह्याच्यामुळंच का? कटला दीड किलो झाला, मृगळ पाव किलोवर अडकला.

---

नाथसागर_भोई | ४:३०

ते मी सांगतो. कटला वर चरतो, बादलीतले ठिपके खातो. रोहू मध्ये. मृगळ तळ उकरतो, गाळातलं सडकं खातो. तुमच्या तळाला कागद, तो काय उकरणार? तीन मजली घर बांधलं न् खालच्या मजल्यावर चूलच ठेवली नाही.

---

हिरवे_रान | ४:४५

मग काय, कागद काढून टाकायचा? आमच्याकडं मुरूम आहे, बिनकागदाचं तळं दिवाळीपर्यंत कोरडं ठाक. इथं २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते विसरलात का? पाणी टिकलं तर मासे. गाळाचं कौतुक गोदाकाठच्यांनी करावं.

---

पाणथळ_मास्तर | सायं. ५:२०

हिरवे_रान, इथं तुमचं म्हणणं रास्त आहे. मी वर गाळाची बाजू जरा जास्तच घेतली.

गाळ काही संत नाही. त्याच्या वरच्या काही मिलिमीटरांत ऑक्सिजन असतो, खाली काळं. तिथले जिवाणू ऑक्सिजनवाचून जगतात, आधी नायट्रेट वापरतात, मग लोह, मग सल्फेट. सल्फेटवर आले की सडक्या अंड्याचा वास, आणि लोहाशी मिळून तो काळा रंग. तळाचा ऑक्सिजन पार संपला की ज्या लोहानं फॉस्फरस धरला होता तेच त्याला सोडून देतं, म्हणजे बळद फुटतं. उन्हाळ्यात खोल तळ्यात वर गरम हलकं पाणी, खाली गार जड पाणी, असे दोन थर होतात. मृगाच्या पहिल्या वादळी पावसानं ते घुसळले की तळातलं सगळं काळं वर. गावतळ्यातले मासे पहिल्या पावसात मरतात ते त्यामुळे, आणि लोक म्हणतात नवं पाणी बाधलं.

कागद काढू नका. पण दरवर्षी कागद घासून धुता का? धूत असाल तर थांबा. त्यावर जो बुळबुळीत थर येतो तोच तुमच्या तळ्याचा गाळ. अमोनिया खाणारे जिवाणू तिथंच बसतात.

---

शेततळेवाला | ५:३१

मे महिन्यात चार गडी लावून घासला होता. चकाचक. दोन हजार रुपये गेले.

---

पुण्यातला_लातूरकर | ५:३३

😂 माफ करा. पण हे म्हणजे पगार देऊन नोकर हाकलले.

---

नाथसागर_भोई | रात्री ८:१०

जेवण करून आलो. गाळाचा विषय निघालाय तर आमच्याकडचं सांगतो, विषयांतर वाटलं तर सांगा.

नाथसागर खोल नाही, पसरट आहे. १९७६ ला धरण झालं, तेव्हा आमच्या आज्याचं रान गेलं. उन्हाळ्यात पाणी मैल मैल मागं सरकतं न् जमीन उघडी पडते. लोक त्यात गाळपेर करतात, काकडी, टरबूज, भुईमूग. खत लागतच नाही. पावसाळ्यात पाणी परत चढतं, तर ती धसकटं, पाला, शेणकूट सगळं बुडतं, सडतं. त्याच्यावर किडे होतात, आणि माशाची पिल्लं नेमकी त्याच उथळ भागात. ज्या वर्षी पाणी उतरलंच नाही त्याच्या पुढच्या वर्षी कडेला पिल्लू कमी दिसतं, असं आमचे म्हातारे म्हणतात.

थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात ते पण त्याच चिखलावर. चोच उलटी घालून गाळतात.

---

बारवप्रेमी_सेलू | ८:२५

रोहितचा गुलाबी रंग खाण्यातूनच येतो ना? आणि लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, ते काय होतं मग? लोणार बुलढाण्यात, पण आम्हाला जवळचंच.

---

पाणथळ_मास्तर | ८:४०

दोन्हीकडे रंगद्रव्य कॅरोटिनॉइड गटातलं. रोहित ते शेवाळातून आणि बारीक जीवांतून मिळवतो. लोणारला त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. त्यांचा तो रंग. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून सांगितलं होतं. पाऊस झाल्यावर पाणी पातळ झालं आणि रंग गेला.

आपल्या शेततळ्यातही लहान प्रमाणावर हेच. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यानं भरलेलं तळं मे महिन्यात मोसंबीला दिलं आणि पानांची टोकं करपली, तर रोग शोधत बसू नका.

---

हिरवे_रान | ८:५५

हे मात्र आमच्याकडं झालंय. दोन औषधं मारली त्याच्यावर. बोललो नव्हतो.

---

शेततळेवाला | मंगळवार, सकाळी ७:२०

काल रात्रीचं सांगतो.

लाईट नव्हती. डिझेल इंजिन गावात दोघांकडं आहे. एकाचं नादुरुस्त, दुसरं शेजाऱ्याचं. (हो, तोच.) दहा वाजता गेलो. आधी दारातच उभं ठेवलं, मग म्हणला डिझेल तुझं. दोनला चालू केलं. पाईप भरावावर बांधून तोंडाला फुटका डबा लावला, पाणी फुटून पडत होतं. तो पण थांबला साडेपाचपर्यंत. बोलला काही नाही, पण थांबला.

मासे इंजिनाच्या धारेखाली गोळा झालेले, जत्रेसारखे. आज अकरा मेले. अकराच.

दोन प्रश्न आहेत. एक, पाणी किती हिरवं चालतं ते मीटरशिवाय कसं ओळखायचं? दोन, गाळ थोडा आणून टोपल्यांत भरून तळाला ठेवला तर मृगळला चालेल का?

---

पाणथळ_मास्तर | ७:५०

एक: सकाळी दहाच्या सुमाराला हात सरळ पाण्यात घाला. तळवा कोपरापर्यंत बुडायच्या आतच दिसेनासा झाला तर हिरवं जास्त आहे. कोपर बुडता बुडता दिसेनासा झाला तर बरं. दंडापर्यंत दिसत राहिला तर माशाला चारा कमी. आत घालताना भरावावर पालथं झोपा, जिजी ओरडतील.

दोन: टोपल्यांचा प्रयोग मी केलेला नाही. भोईदादा?

---

नाथसागर_भोई | ८:३०

टोपलीनं कागद फाटंल. मृगळ पुढच्या वर्षी टाकूच नका, त्याच्या जागी कटला थोडा वाढवा, आणि एकूण मासा निम्मा करा. शेण महिनाभर बंद.

त्या चार मरळ मात्र काढा. त्या आता बारीक पिल्लं खात असतील, तुम्हाला वाटतंय वाचली. किती किलोच्या झाल्यात?

---

शेततळेवाला | ८:४४

मोठी दोन किलोची असंल. शेजाऱ्याला दिली सकाळी.